मोटारीच्या दिव्याची कुळकथा

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारांचें लक्ष बहुधा तिच्या यंत्राकडे असतें. एंजिनाची शक्ति कशी वाढत गेली, वेग ताशीं किती मैलांनीं चढला, कोणत्या कारखान्यानें कोणत्या सालीं किती गाड्या बाहेर काढल्या, यांचीं कोष्टकें त्यांच्या ग्रंथांत पानोपानीं आढळतात. दिव्यांची बोळवण मात्र एखाददुसऱ्या परिच्छेदांत केलेली असते. हा पंक्तिप्रपंच मला फार दिवस खटकला नाहीं. कारण मोटार रात्रींहि चालते व ती चालविणारास पुढचें कांहीं दिसावें लागतें, ही गोष्ट मीहि गृहीतच धरून चाललों होतों.

माझ्याकडे वडिलांनीं १९७८ सालीं घेतलेली एक मोटार आहे. ती विकून टाकावी असें घरांतील सर्वांचें मत असून मला तें मान्य नाहीं. दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्ष महिन्यांत सासवड, जेजुरी, नीरा या मार्गानें आम्ही उभयतां फलटणला एका आप्तांकडे निघालों होतों. लोणंद मागें पडलें आणि काळोख झाला. उसाचा हंगाम होता. समोरून एक ट्रक आला. त्याच्या झोतानें डोळे दिपले म्हणून मीं वेग निम्म्यावर आणला. ट्रक निघून गेला, आणि रस्ता पुन्हां दिसूं लागण्यापूर्वींच शेजारून सौभाग्यवती "अहो, गाडी! गाडी!" असें ओरडल्या. उसाच्या मोळ्यांनीं शिगोशीग भरलेली एक बैलगाडी पुढें तीस-पस्तीस हातांवर चालली होती. तिला मागें कंदील नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती, कांहीं नव्हतें. मोटार थांबली तेव्हां उसाचीं टोकें पुढल्या कांचेपासून वीतभर अंतरावर होतीं. गाडीवानाला या प्रकाराची वार्ताहि नव्हती. तो आपल्या नादांत पुढें निघून गेला.

घरीं परतल्यावर मीं एक साधें गणित मांडलें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले, आणि चाकें थांबेपर्यंत आणखी २३-२४. म्हणजे जवळजवळ ५० मीटर. माझ्या मोटारीच्या खालच्या झोतांत, ज्याला आपल्याकडे सर्रास 'डिपर' म्हणतात त्यांत, काळें घोंगडें पांघरलेला माणूस किती अंतरावरून दिसतो तें पुढें एकदां मोकळ्या मैदानावर मोजून पाहिलें. तें ३५ मीटर भरलें. उरलेले पंधरा मीटर इतकीं वर्षें केवळ दैवावर हवाला ठेवून मी काटीत आलों होतों. त्यानंतर या दिव्यांचें कूळ आणि मूळ शोधण्याचा मला नादच लागला.

मोटारीला पहिले दिवे मिळाले ते घोडागाडीकडून, वारसाहक्कानें. मेणबत्तीचे किंवा घासलेटचे ते पितळी दिवे मोठे देखणे असत, परंतु रस्ता दाखविणें हें त्यांचें काम नव्हतेंच. बग्गी येत आहे हें इतरांस कळावें एवढाच त्यांचा हेतु. वाट पाहण्याचें काम घोडा करी. त्याचे डोळे अंधारांत माणसापेक्षां चांगले चालतात, आणि धनी डुलक्या घेत असला तरी तो खड्ड्यांत पाय घालीत नाहीं. घोडा गेला आणि त्याच्याबरोबर ते डोळेहि गेले. आपण इतरांस दिसावें आणि आपणांस पुढचें दिसावें, या दोन निराळ्या गरजा आहेत ही जाणीव मोटारीच्या पहिल्या पांचदहा वर्षांतच लोकांस झाली. समोरच्याचे डोळे दिपूं नयेत ही तिसरी गरज मागाहून आली, आणि तिनेंच पुढें सर्वांत अधिक छळलें.

पहिला खरा उजेड मोटारीस मिळाला तो कार्बाइडच्या दिव्यानें. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलें कीं ॲसिटिलीन वायु निघतो, हें जर्मन रसायनज्ञ व्होलर यानें १८६२ सालींच दाखविलें होतें. परंतु कार्बाइड प्रयोगशाळेबाहेर पडलें तें १८९२ नंतर. त्या वर्षीं टॉमस विल्सन नांवाचा कॅनडांतील एक संशोधक अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना प्रांतांत विजेची भट्टी पेटवून ॲल्युमिनियम काढण्याच्या खटपटींत होता. चुना आणि डांबर एकत्र तापवितां हातीं ॲल्युमिनियम आलें नाहीं, एक ठिसूळ काळसर दगड आला; तो पाण्यांत पडतांच ज्वालाग्राही वायु उसळूं लागला. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें मोआसाँ यानेंहि विजेच्या भट्टींत हाच पदार्थ स्वतंत्रपणें तयार केला. चुना आणि कोळसा यांच्याइतक्या हलक्या जिनसांपासून पांढराशुभ्र उजेड मिळूं लागल्यावर तो सायकलीवर, खाणींत आणि मोटारीवर पसरण्यास विलंब लागला नाहीं. आपल्याकडे जुन्या पिढीनें तो जत्रेंतील दुकानांच्या पालांत पाहिलेला आहे.

या दिव्याची उठाठेव मात्र फार. वरच्या कप्प्यांत पाणी, खालच्यांत कार्बाइडचे खडे. गाडी थांबवून खालीं उतरावयाचें, पाण्याची तोटी किंचित् सैल करून थेंब सोडावयाचे, वायु जमूं द्यावयाचा, मग कांच उघडून वाऱ्यांत काडी ओढावयाची. थेंब कमी पडले तर ज्योत मिणमिणे, अधिक पडले तर भडके. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कप्प्यांत सांचलेली चुन्याची रबडी खरवडून काढावी लागे, आणि तिचा लसणासारखा वास हातांस दिवसभर येई. श्रीमंतांच्या घरीं या कामास शोफर असे. इतरांनीं तें स्वतः केलें.

वायु आयताच नळकांड्यांत भरून मिळाला तर ही यातायात चुकेल, हें कोणाच्याहि ध्यानांत येण्यासारखें होतें. परंतु ॲसिटिलीन नुसता दाबून भरला कीं त्याचा स्फोट होतो. नळकांड्यांत सच्छिद्र पदार्थ ठासून त्यांत ॲसिटोन हा द्रव मुरवावा आणि वायु त्या द्रवांत विरघळवावा, ही युक्ति फ्रेंचांनीं काढली. तिच्या बळावर १९०४ सालीं इंडियानापोलिस शहरांत कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनीं जो धंदा सुरू केला तो पुढें 'प्रेस्ट-ओ-लाइट' या नांवानें अमेरिकाभर गाजला. रिकामें नळकांडें द्यावें व भरलेलें घ्यावें. आज आपण स्वयंपाकाच्या गॅसचें जें करतों तेंच. यांच्या कारखान्यांत स्फोट इतके झाले कीं शेवटीं शहरानें त्यांस बाहेर घालविलें, आणि ते आपण इतरांसह १९०९ सालीं बांधलेल्या शर्यतीच्या मैदानाशेजारीं जाऊन राहिले. इंडियानापोलिसची ती जगप्रसिद्ध शर्यत मोटारींच्या दिव्यांच्या पैशांतून उभी राहिली आहे, हें ती पाहणारांपैकीं किती जणांस ठाऊक असेल?

याच वायूच्या इतिहासांतील दुसरी एक कथा मात्र हंसण्यासारखी नाहीं. स्वीडनमधील गुस्ताफ डालेन यानें ॲसिटिलीनवर चालणाऱ्या दीपगृहांसाठीं एक झडप बनविली होती. सूर्य उगवला कीं ती आपोआप बंद व्हावी, मावळला कीं उघडावी. पहारेकऱ्याची गरज नाहीं. १९१२ सालीं नळकांड्यांची परीक्षा करीत असतां स्फोट झाला आणि डालेनचे दोन्ही डोळे गेले. त्याच वर्षाचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्यास जाहीर झालें. तें स्वीकारण्यास तो जाऊं शकला नाहीं. त्याच्या वतीनें त्याचा भाऊ गेला, आणि हा भाऊ नेत्रवैद्य होता. डालेन पुढें १९३७ पर्यंत जगला, अखेरपर्यंत त्यानें आपली कंपनी चालविली, आणि अंधत्वांतच एक नव्या धर्तीची चूलहि बनविली. हजारों खलाशांना वाट दाखविणाऱ्या माणसाची ही हकीकत वाचून मीं पुस्तक मिटून ठेविलें, तें दोन दिवस उघडलें नाहीं.

विजेचे दिवे तोंवर आलेच होते. १८९८ सालीं अमेरिकेंतील 'कोलंबिया' या विजेच्या मोटारीवर ते प्रथम मिळूं लागले. परंतु तंतु लवकर तुटत आणि विजेचा पुरवठा तोकडा पडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत केटरिंग यानें एंजिन सुरू करण्याची, ठिणगीची आणि दिव्यांची अशी एकच विद्युद्योजना बसविली, व १९१३ सालीं जर्मनींत बॉशनें दिवे, जनित्र, नियंत्रक आणि बॅटरी यांचा पूर्ण संच विक्रीस काढला. हा झाला सधनांचा मार्ग. सामान्य माणसाच्या वाट्यास काय आलें हें पाहावयाचें तर फोर्डच्या 'मॉडेल टी'कडे वळलें पाहिजे.

ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली आणि दीड कोटीहून अधिक विकली गेली. आरंभींच्या गाड्यांवर कार्बाइडचे दिवे होते. १९१५ च्या गाडीपासून पुढचे दोन दिवे विजेचे झाले, परंतु त्यांच्यासाठीं बॅटरी दिली नव्हती. एंजिनाच्या गतिचक्रांत बसविलेल्या लोहचुंबकांच्या जनित्रावरच ते लागत. परिणाम असा कीं एंजिन जोरांत फिरलें कीं दिवे प्रखर, मंदावलें कीं दिवे मंद. खडबडीत रस्त्यावर, वळणावर, नदीच्या उतारावर, जेथें माणूस हळू जातो आणि त्यास उजेड सर्वांत अधिक हवा असतो, नेमके तेथेंच ते काजव्यासारखे होत. उजेडासाठीं वेग वाढवावा तर तितक्या वेगास तो उजेड पुरत नसे. फारच वाढवावा तर बल्ब जळून जात. शिवाय दोन्ही दिवे एकाच सरींत जोडलेले, त्यामुळें एक गेला कीं दुसराहि गेला. जाणते चालक खालच्या गिअरमध्यें एंजिन भरधाव फिरवीत आणि गाडी रांगवीत नेत, म्हणजे रस्ता तरी दिसे. १९१९ पासून फोर्डनेंच बॅटरी देण्यास सुरुवात केली. परंतु तोंवर लक्षावधि गाड्या रस्त्यावर आलेल्या होत्या. नवी वस्तु सुधारणें कारखानदाराच्या हातीं असतें. जुनी सुधारणें हें ज्याच्या घरीं ती आहे त्याच्याच गळ्यांत येऊन पडतें.

टंगस्टनचा तंतु आणि वायु भरलेला बल्ब हे १९१३ च्या सुमारास आले, आणि उजेडाची टंचाई संपून निराळीच तक्रार सुरू झाली. आतां समोरून येणाऱ्याचे डोळे दिपूं लागले. परवलयाकृति आरशाच्या नाभिबिंदूवर तंतु ठेविला कीं त्याचा झोत सरळ समोर, क्षितिजापर्यंत जातो. त्या झोताच्या वाटेंत दुसरा माणूस आला तर त्याचें काय व्हावें याचा विचार आरसा करीत नाहीं. कोणी खांचांच्या कांचा बसविल्या. कोणी तरफेनें सबंध दिवाच खालीं वांकविण्याची सोय केली. इंग्लंडांत कित्येक वर्षें एक चमत्कारिक पद्धति होती: समोरून गाडी आली कीं एक दिवा विझे आणि दुसऱ्याचा आरसा विजेच्या ओढीनें खालीं झुके. म्हणजे संकटाच्या क्षणीं अर्धा उजेड आणि एका डोळ्याची मोटार.

या सर्वांत शहाणी तोड निघाली ती जर्मनींत. १९२४ च्या सुमारास ओस्रामनें 'बायलक्स' नांवाचा दोन तंतूंचा बल्ब काढला. एक तंतु नाभिबिंदूवर, त्याचा झोत दूरचा. दुसरा तंतु नाभीच्या किंचित् पुढें, आणि त्याच्या खालीं धातूची एक इवलीशी वाटी. या वाटीमुळें त्याचे किरण आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडतच नाहींत. केवळ वरच्या अर्ध्यावर पडतात आणि तेथून परतून खालीं रस्त्याकडे उतरतात. चालकानें कळ दाबावी आणि एक तंतु विझून दुसरा पेटावा. हिंदुस्थानांतील प्रत्येक मालमोटारीच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' अशी जी प्रार्थना रंगविलेली असते तिचा उगम या वाटींत आहे. ही वाटी वाचकांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावी. तिच्याशीं आपल्याकडे काय वर्तन झालें तें पुढें सांगावयाचें आहे.

दिपविण्याचा प्रश्न मुळांतूनच सोडवावा असें एका अमेरिकन तरुणाच्या मनानें घेतलें. एडविन लँड हा १९२६ सालीं सतरा वर्षांचा असतां हार्वर्ड विद्यापीठ सोडून याच ध्यासानें बाहेर पडला. प्रकाशाचीं आंदोलनें सर्व दिशांनीं होत असतात. विशिष्ट स्फटिकांतून गेल्यावर तीं एकाच पातळींत उरतात. असे सूक्ष्म स्फटिक एका पारदर्शक पापुद्र्यांत एकाच दिशेस ओळीनें बसवितां आले तर दिव्याच्या कांचेवर आणि चालकाच्या डोळ्यांसमोर ४५ अंशांनीं कललेला तोच पापुद्रा लावावा. समोरून येणाऱ्या गाडीचा कल आपल्या कलास बरोबर आडवा येतो, म्हणून तिचा झोत गाळला जातो; आपल्या दिव्याचा उजेड मात्र रस्त्यावरून परतून बराचसा आपणांस मिळतो. पापुद्रा लँडनें खरोखरच बनविला, १९२९ सालीं त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १९३७ सालीं पोलरॉइड कंपनी स्थापिली. प्रयोग यशस्वी झाले. तरीहि एकाहि मोटार-कारखान्यानें तो दिव्यांवर बसविला नाहीं. निम्म्याहून अधिक उजेड पापुद्र्यांतच मुरे, म्हणून दिवे तितकेच प्रखर करावे लागते. हें एक कारण. दुसरें कारण मला अधिक मोलाचें वाटतें. ही योजना सर्वांनीं एकदम स्वीकारली तरच उपयोगाची. नव्या गाड्यांचे दिवे प्रखर झाले असते, आणि रस्त्यावर आधींपासून फिरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या चालकांच्या डोळ्यांपुढें पापुद्रा नसल्यामुळें ते पूर्वींपेक्षांहि अधिक दिपले असते. पहिल्यानें घेणारास लाभ नाहीं, आणि न घेणारास शिक्षा. १९४७ सालीं लँडनें क्षणांत छायाचित्र काढून देणारा कॅमेरा लोकांपुढें ठेविला, आणि त्याच्या नांवाभोवतीं जी कीर्ति आहे ती त्या कॅमेऱ्याची. ज्या स्वप्नासाठीं त्यानें महाविद्यालय सोडलें तें जुन्या मोटारींनीं अडविलें, हें मी माझ्या मोटारीस सहसा ऐकवीत नाहीं.

इंग्लंडांत यॉर्कशायरमधील पर्सी शॉ यानें उलट बाजूनें विचार केला. दिवा वाढविण्याऐवजीं रस्त्यालाच डोळे द्यावेत. रबराच्या बुडख्यांत बसविलेले कांचेचे मणी, त्याच्या मांजराच्या डोळ्यांचें पेटंट १९३४ चें. गाडीचा अंधुक उजेडहि ते परत चालकाकडे पाठवितात. पांचच वर्षांनीं युद्ध आलें, दिव्यांवर झांकणें चढलीं, रस्ते काळेठिक्कर झाले, आणि पेट्रोलच्या टंचाईनें गाड्या कमी होऊनहि १९४१ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसें मेलीं. त्या देशाच्या इतिहासांत एका वर्षांत इतकीं माणसें रस्त्यावर कधींच मेलीं नाहींत, त्यापूर्वींहि नाहींत व त्यानंतरहि नाहींत. या अंधारानेंच शॉच्या मण्यांस मागणी आणली.

अमेरिकेनें १९४० च्या गाड्यांपासून तिसरा मार्ग धरला. जुन्या दिव्यांची खरी व्याधि तंतु नव्हे, आरसा होता. फटींतून धूळ व दमट हवा शिरे, चांदीचा मुलामा काळवंडे, आणि दहा वर्षांच्या गाडीचा दिवा नव्याच्या निम्माहि उजेड देत नसे. यावर उपाय म्हणून आरसा, तंतु आणि पुढली कांच हीं एकत्र वितळवून सात इंची, कायमची बंद अशी एकच वस्तु करण्यांत आली. तिच्या आरशावर निर्वात पोकळींत ॲल्युमिनियमची वाफ बसविलेली असे. दुर्बिणीच्या आरशांसाठीं ज्योतिर्विद हीच रीत वापरूं लागले होते. तंतु तुटला कीं सबंध दिवा फेंकावा आणि नवा बसवावा, म्हणजे जुन्या गाडीसहि दर खेपेस नवा आरसा मिळे. जुन्या गाड्यांवर तो चढविण्याचे संचहि बाजारांत आले. माझ्या मतें जुन्या मोटारीच्या मालकावर या शतकसव्वाशें वर्षांत कोणी खरा उपकार केला असेल तर तो याच कल्पनेनें. दुर्दैवानें अमेरिकन कायद्यानें ती इतकी कवटाळून धरली कीं १९८३ पर्यंत दुसऱ्या कोणत्याहि प्रकारच्या दिव्यास तेथें परवानगी मिळाली नाहीं.

यूरोप तोंवर पुढें गेला होता. १९५९ चें अमेरिकन पेटंट असलेला हॅलोजनचा बल्ब यूरोपांत १९६२ सालीं मोटारीवर आला. त्यांतील तंतूपासून उडालेलें टंगस्टन हॅलोजनच्या योगानें पुन्हां तंतूवरच येऊन बसतें, त्यामुळें बल्ब काळा पडत नाहीं. १९७१ सालीं दोन तंतूंचा हॅलोजन बल्ब निघाला, ६० आणि ५५ वॅटचा, आणि त्यांतहि ती जुनी वाटी होतीच. त्यानंतरचा झेनॉन १९९१ चा, एलईडी २००० नंतरच्या दशकांतले; ते माझ्या मोटारीच्या काळांतले नव्हेत, म्हणून त्यांच्यावर मी शाई खर्च करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं वाटीच्या बल्बासाठीं घडविलेल्या आरशांत बाजारांतील एलईडीचा गड्डा खुपसल्यास उजेडाचें उगमस्थान जागचें हलतें आणि झोत वाटेल तिकडे उधळतो. हल्लीं रात्रीं समोरून जो पांढरा वणवा अंगावर येतो त्यांत या उद्योगाचा वांटा मोठा आहे.

आतां आपल्या देशाकडे. गेल्या शतकांत आपल्या मोटारींच्या दिव्यांवर, वरच्या भागांत, काळा रंग फांसण्याची चाल होती; कोठें मध्यभागीं रुपयाएवढा काळा ठिपका चिकटवीत. पोलीस गाड्या अडवून त्याची तपासणी करीत, आणि प्रसंगीं डबा व कुंचला घेऊन स्वतःच रंग देत. हेतु उत्तम. पण ती वाटी आठवावी. खालचा झोत हा आरशाच्या वरच्या अर्ध्या भागांतूनच बाहेर पडतो. कांचेचा वरचा भाग काळा केला म्हणजे आपण जो रस्त्याकडे उतरणारा, निरुपद्रवी, कामाचा उजेड तोच गिळून टाकतों. आणि समोरच्याचे डोळे दिपविणारा दूरचा झोत मात्र उघड्या राहिलेल्या खालच्या भागांतून सुखानें चालूं राहतो. माझ्या वडिलांच्या गाडीस हा पट्टा मीं लहानपणीं स्वतः, मोठ्या हौसेनें, कंपास वापरून आंखून दिला होता.

फलटणच्या त्या रात्रीनंतर मीं प्रथम काय केलें हें सांगण्यास संकोच वाटतो. सगळे करतात तेंच केलें. माझ्या गाडींत ४५ व ४० वॅटचे साधे बल्ब होते. पेठेंतील एका ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्यानें मीं १०० व ९० वॅटचे बसविले. उजेड खरोखरच पडला. दुसऱ्या महिन्यांत नीरेच्या अलीकडे रिकाम्या बैलगाड्यांची एक रांग समोरून येत होती; मीं डिपर दिला, तरी पहिल्या गाडीचे बैल बुजले आणि गाडी रस्त्याच्या खालीं शेतांत उतरली. सुदैवानें कोणास लागलें नाहीं. मी उतरून गेलों तों गाडीवान म्हणाला, "सायेब, तुमास्नी दिसतंय, पन आमच्या बैलांस्नी काय दिसंना झालंय." मीं क्षमा मागितली. तो रागावला नव्हता, यानें मला अधिकच लाजल्यासारखें झालें. घरीं पोहोंचेपर्यंत स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जळकट वास येऊं लागला होता. जुन्या तारा आणि जुना स्विच यांना एवढा प्रवाह झेपणारा नव्हता.

तेव्हां मीं बल्ब काढून टाकले आणि जें प्रथमच करावयास हवें होतें तें केलें: बल्बच्या पायथ्याशीं व्होल्टमापक लावून पाहिलें. एंजिन चालू असतां बॅटरीवर १३.५ व्होल्ट होते, दिव्यापाशीं ११.६. बाकीचा दाब पंचेचाळीस वर्षांच्या तारांत, स्विचांत आणि गंजलेल्या अर्थिंगांत जिरत होता. तंतूचा उजेड दाबाच्या सुमारें ३.४ व्या घाताच्या प्रमाणांत बदलतो, ज्या १३.२ व्होल्टांवर हे बल्ब पारखतात त्याच्या मानानें माझ्या दिव्यांचा सुमारें एकतृतीयांश उजेड वाटेंतच नाहींसा होत होता. म्हणजे उणीव बल्बाची नव्हतीच. शंभरेक वर्षांपूर्वीं फोर्डच्या गरीब मालकांस जें दुखणें होतें तेंच मला, फक्त रूप निराळें.

उपाय अल्पमोली निघाला. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत जाड तारा नव्यानें ओढल्या, मध्यें दोन रिले बसविले, म्हणजे स्विचानें केवळ रिलेस खूण करावी आणि प्रवाह परभारें जावा. अर्थिंगचीं टोकें घासून पत्र्याचा लखलखीत भाग उघडा केला. काळवंडलेले आरसे बदलून सात इंची नवे दिवे आणि ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब घातले. हे दिवे घेतांना एक गोष्ट पाहावी लागते. १९५७ पासून यूरोपांत खालचा झोत एका कडेस उंच उचललेला असतो, कडेनें चालणारा दिसावा म्हणून. उजव्या बाजूनें वाहतूक असलेल्या देशांसाठींचा दिवा आपल्याकडे लावला तर ती उंच कड नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत जाते. दुकानदारानें मला पहिल्यांदा तसाच दिवा दिला होता. आतां बल्बापाशीं १३.१ व्होल्ट मिळतात.

राहिला झोताचा रोंख. शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीसमोर दहा मीटरांवर गाडी उभी केली, मागें दोन विद्यार्थी बसविले, कारण मागें भार पडला कीं नाक वर होतें, आणि दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षां दहा सेंटिमीटर खालीं खडूनें रेघ ओढून झोताची वरची कड तिला भिडविली. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच. दहा मीटरांस दहा सेंटिमीटर उतरणारा झोत ७० मीटरांवर रस्त्यास टेकतो. घोंगडीवाल्याचा प्रयोग पुन्हां केला तेव्हां अंतर ५८ मीटर आलें.

यंदा पौषांत पुन्हां त्याच रस्त्यानें गेलों. लोणंदच्या पुढें उसाच्या गाड्या होत्या. त्यांतील बहुतेकांच्या मागें आतां लाल-पिवळ्या रेडियमच्या पट्ट्या आहेत, आणि त्या सव्वाशें-दीडशें मीटरांवरून चमकतात. एकीस नव्हती, तीहि वेळेवर दिसली. तरी मी पन्नासावर गेलों नाहीं. साठीच्या आसपास पोहोंचलेल्या डोळ्याच्या दृष्टिपटलापर्यंत विशींतल्या डोळ्याच्या सुमारें एकतृतीयांशच प्रकाश जातो असें वाचलें आहे, आणि तेथें रिले बसवितां येत नाहीं. समोरून गाडी आली कीं सौभाग्यवती आधीं "डिपर" म्हणतात, मग मी देतों. शेजाऱ्यांच्या भिंतीवरची रेघ अद्याप तशीच आहे. तिला चुना कधीं लावणार, असें ते दर दिवाळीस विचारतात.